पास वर्षाचा, सवड आठ आठवड्यांची

वॉटर पार्कचा किंवा थीम पार्कचा वार्षिक पास घ्यावा का, हा प्रश्न विदर्भातल्या खेड्यातल्या घरात साधारण मार्चअखेरीस निघतो. लेकरांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, मोबाइलवर जाहिराती यायला लागतात, आणि चौघांचा पास दहा हजारांना म्हणजे स्वस्त की महाग हे पटकन ठरवता येत नाही. शहरातला माणूस पासची किंमत एका दिवसाच्या तिकिटाने भागतो आणि मोकळा होतो. खेड्यातून तोच हिशेब मांडला तर उत्तर चुकीचं येतं. जाण्यायेण्याचा खर्च त्यात धरलेला नसतो, आणि जायला मोकळे दिवस किती आहेत हे कुणी मोजलेलं नसतं. आम्ही दिवसांपासून सुरुवात करतो. निम्म्या घरांचा निर्णय तिथेच लागतो.

भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायचं आणि पेन्सिलीने कामाचे महिने खोडत जायचं. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो, पेरणी सुरू होते. त्यानंतर पोळ्यापर्यंत डवरणी, निंदण, खत, फवारणी यांतून वावर सुटत नाही. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, दिवाळीच्या सुमारास कापसाचा पहिला वेचा, लगेच हरभरा आणि गव्हाची पेरणी, मग तूर. भंडारा-गोंदियाकडे कापसाच्या जागी धान धरा: जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवाळीनंतर कापणी आणि चुरणा म्हणजे मळणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा निघतो आणि घरात कुणी दहावी-बारावीला असेल तर तो काळ तसाही बंद. डिसेंबर-जानेवारीत एखाददुसरा रविवार सापडतो, पण नागपूरकडच्या थंडीत लेकरं पाण्यात अर्धा तासही टिकत नाहीत. कोरड्या राइड असलेल्या पार्कसाठी हे दिवस उत्तम, वॉटर पार्कसाठी वाया.

खोडून झाल्यावर उरतं ते एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचं अंतर. साधारण आठ आठवडे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्याच्या नंतर, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे लेकरांना पुढेही सुटी असते, मोठ्यांना नसते. या आठ आठवड्यांत लग्नं असतात, नांगरटी-वखरणी असते, आणि पारा ४५ च्या वर गेला की तीन-चार तास प्रवास करून जाणं लहान लेकरांना सोसत नाही. सगळं वजा करता एका शेतकरी कुटुंबाला वर्षात दोन, फार तर तीन खेपा जमतात. मजुरी करणाऱ्या घरात प्रत्येक खेपेला दोघांची एक दिवसाची मजुरी बुडते, तीही खर्चाच्या बाजूला लिहायची.

आता याच दिवसांवर पासच्या अटी ठेवून पाहायच्या. बऱ्याच पासांत काही तारखा वगळलेल्या असतात: दिवाळीची सुटी, नाताळ ते १ जानेवारी, लागून येणाऱ्या सुट्या, आणि कित्येक ठिकाणी मे महिन्यातले शनिवार-रविवार. पार्कला त्या दिवशी पूर्ण तिकीट देणारी गर्दी असते, त्यामुळे पासवाल्यांना तो दिवस बंद ठेवणं त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे. पण आपली सवड आणि त्यांचे वगळलेले दिवस एकमेकांवर बसतात. शहरातल्या माणसाला जुलैतला बुधवार वापरता येतो, आपल्याला नाही. म्हणून किंमत विचारण्याआधी वगळलेल्या तारखांची यादी मागायची आणि ती कॅलेंडरवर लाल पेनाने खुणवायची. पेन्सिलीतून सुटलेले आणि लाल खूण नसलेले दिवस तीनपेक्षा कमी उरले, तर पुढचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

उरले असतील तर खर्चाकडे वळू. समजा गाव नागपूरपासून ९० किलोमीटरवर आहे, हिंगणघाटच्या पुढे कुठेतरी. घरात आई, वडील, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. साध्या एसटीचं एका बाजूचं पूर्ण तिकीट दीडशेच्या आसपास बसतं. १७ मार्च २०२३ पासून राज्यात सगळ्या बायका-मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलालाही अर्धं. म्हणजे वडिलांचे १५०, बाकी तिघांचे ७५ प्रमाणे २२५. एका बाजूने ३७५, जाऊन-येऊन ७५०. आजीआजोबा सोबत असतील आणि पंचाहत्तरी ओलांडलेली असेल तर त्यांचा प्रवास मोफत आहे, ओळखपत्र मात्र जवळ लागतं. बसस्थानकापासून पार्क शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाहेर. रिक्षाचे जाऊन-येऊन ६०० धरा. बाहेरचा डबा आत नेऊ देत नाहीत, म्हणून चौघांचं जेवण-नाश्ता-पाणी १०००. लॉकरचे १५०. बेरीज २५००. यात तिकीट कुठेही नाही. पास असो वा नसो, प्रत्येक खेपेला हे अडीच हजार जाणारच.

तिकिटाचा आकडाही काळजीने धरावा लागतो. जाहिरातीत पासची तुलना खिडकीवरच्या सगळ्यात महाग तिकिटाशी केलेली असते. आपण ती तुलना प्रत्यक्षात मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त तिकिटाशी करायची: चार दिवस आधी ऑनलाइन घेतलेलं, सोमवार ते शुक्रवारचं, विद्यार्थी सवलतीचं, गावातले पंधरा-वीस जण मिळून घेतलेलं गटाचं. समजा खिडकीवर मोठ्यांना ९०० आणि लहानांना ७५०, म्हणजे चौघांचे ३३००. आधी बुकिंग करून १५ टक्के सूट मिळाली तर २८०५. पास समजा माणशी २५००. पासात लहान-मोठा असा फरक बहुधा करत नाहीत, हे विसरू नका. लेकरांच्या तिकिटातली सूट पासात हरवते. चौघांचे १०,०००.

दोनच खेपा झाल्या तर तिकीट काढून एकूण खर्च १०,६१०, पास घेऊन १५,०००. तीन खेपांना तिकिटाने १५,९१५, पासाने १७,५००. चौथ्या खेपेला पास प्रथमच पुढे जातो: तिकिटाने २१,२२०, पासाने २०,०००. बाराशे वीस रुपये वाचले. पण ते वाचवायला वर्षात वीस हजार बाहेर काढावे लागले, आणि पास नसता तर हेच घर दोनदा जाऊन साडेदहा हजारांत थांबलं असतं. पासमुळे 'आता पैसे भरलेच आहेत तर जाऊन येऊ' अशा ज्या खेपा होतात, त्या फुकट नसतात. प्रत्येकीचे अडीच हजार आहेत. आपले खरे आकडे या जागी घाला. अंतर, माणसं, जेवण बदललं की उत्तर बदलेल, पण मांडणी हीच ठेवा: आधी पास न धरता आपण किती वेळा गेलो असतो तो आकडा लिहायचा, आणि त्याच आकड्यावर दोन्ही खर्च काढायचे.

यात आणखी एक गोष्ट रुपयांत येत नाही. शहरातली पासवाली माणसं दुपारी तीनला येतात, दोन तास पाण्यात राहून घरी जातात. त्यांना पासने अर्ध्या दिवसाची मोकळीक मिळते, आणि माझ्या मते पासचं खरं मोल तेच आहे. गावाहून जाणाऱ्याला ती कधीच मिळत नाही. सकाळी सहाची बस, पार्क उघडायला साडेदहा-अकरा, पाण्याच्या राइड पाच-साडेपाचला बंद, आणि मग गावाकडची शेवटची बस गाठायची घाई. प्रत्येक खेप पूर्ण दिवसाचीच.

मात्र एका परिस्थितीत पास खेड्यातल्या घरालाही स्पष्ट परवडतो, आणि ती आपल्याकडे सर्रास असते: सुटीत लेकरं मामाकडे जातात. मामा नागपुरात किंवा अमरावतीत पार्कपासून दहा-बारा किलोमीटरवर राहत असेल आणि लेकरांचा मुक्काम तीन-चार आठवड्यांचा असेल, तर प्रवासखर्च खेपेमागे शंभर-दोनशेवर येतो, जेवण घरी होतं, आणि आठवड्यातल्या गर्दी नसलेल्या दिवशी जाता येतं. वगळलेले शनिवार-रविवार मग आड येत नाहीत. अशा वेळी चौघांचा पास न घेता फक्त दोन लेकरांचा घ्या. पण आधी विचारा की सोबत मोठं माणूस असण्याची अट किती वयापर्यंत आहे. बहुतेक ठिकाणी लहान मुलांना एकटं सोडत नाहीत. मग मामा-मामींपैकी एकाचा पास लागतो, किंवा पाण्यात न उतरणाऱ्यासाठी कमी दराचं प्रवेश-तिकीट मिळतं का ते पाहावं लागतं. हे न विचारता लेकरांचे पास घेतले तर दर खेपेला मोठ्याचं पूर्ण तिकीट पडतं आणि सगळी बचत जाते. मूल शहरात वसतिगृहात शिकायला असेल, तर त्याचाही विचार असाच करता येतो.

लेकरांची उंची घरीच मोजून घ्यायची, दाराच्या चौकटीला उभं करून, चप्पल काढून. प्रवेशाचा दर पार्कात वयापेक्षा उंचीवरून ठरतो. साधारण ९० सेंटिमीटरच्या आतलं लेकरू फुकट जातं, त्याचा पास घेणं म्हणजे पैसे टाकणं. पण ते ८८ वर असेल तर वर्षभरात ओलांडेल, हेही धरा. मोठ्या राइडला १२० किंवा १४० ची अट असते. ११६ सेंटिमीटरच्या मुलाचा पास मेमध्ये घेतला तर त्याला मुख्य राइडवर चढूच देत नाहीत, आणि तो दिवसभर लहानांच्या हौदात रुसून बसतो. पाचव्या-सहाव्या वर्षानंतर मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. एक उन्हाळा थांबलं तर तोच पास पुरेपूर वापरला जातो. वजनाच्या आणि हृदयविकार, गरोदरपण, पाठीचं दुखणं अशा अटी राइडच्या पाटीवर असतात. मोठ्यांनीही आपण नेमक्या किती राइड करणार ते प्रामाणिकपणे मोजावं. आई सावलीत बसून पिशव्या सांभाळणार असेल तर तिला पास कशाला?

अटींचं पान मोबाइलवर बारीक अक्षरात असतं. ते पूर्ण वाचायचं, आणि पैसे भरण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, कारण संकेतस्थळावरच्या अटी मागाहून बदलू शकतात. सगळ्यात आधी पाहायची ती वर्षाची सुरुवात. पास विकत घेतल्या दिवसापासून, पहिल्या प्रवेशापासून, की ठरावीक तारखेपर्यंत? 'सीझन पास' असेल तर तो पार्कच्या हंगामापुरताच असतो. विकत घेतल्यापासून बारा महिने असतील आणि आपण १ मेला घेतला, तर पुढच्या एप्रिलच्या सुटीचे काही दिवसही त्यात येतात. म्हणजे एका पासात दोन उन्हाळ्यांची टोकं सापडतात. आपल्या आठ आठवड्यांच्या हिशेबात हा फरक मोठा आहे. मार्चमध्ये 'लवकर घ्या' म्हणून मिळणारी सूट घेताना हेच तपासा, नाहीतर वर्ष मार्चमध्ये संपतं आणि पुढचा उन्हाळा हातून जातो.

मग कर. मनोरंजन पार्कांवरचा जीएसटी जानेवारी २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दाखवलेला दर करासकट आहे की कर वेगळा, हे स्पष्ट विचारायचं. २५०० वर १८ टक्के म्हणजे माणशी ४५० आणि चौघांचे १८०० रुपये. चौथ्या खेपेला वाचलेले बाराशे वीस एवढ्यानेच जातात. ऑनलाइन बुकिंगचं शुल्क आणखी वेगळं असू शकतं.

पासात काय येत नाही तेही लिहून घ्या. गो-कार्टिंग, स्नो पार्क, झिपलाइन यांचे पैसे अनेकदा वेगळे असतात. थीम पार्क आणि वॉटर पार्क शेजारी असले तरी एकाचा पास दुसऱ्याला चालेलच असं नाही. जेवणावर पासवाल्यांना १० टक्के सूट असेल तर चांगलंच, पण ती कुठल्या दुकानांत चालते ते पाहा. येण्याआधी दिवस नोंदवावा लागतो का? नोंदवून न गेल्यास दंड किंवा खेप कमी होते का? गावात आदल्या रात्री पाऊस पडला, नाल्याला पूर आला, बस आली नाही, असं होतंच. नोंदणी किती तास आधी रद्द करता येते हे माहीत हवं. वीज कडाडत असली की पाण्याच्या राइड बंद ठेवतात, ते योग्यच आहे, पण त्या दिवशीची खेप परत मिळते का? 'अमर्याद' पासात हा प्रश्न येत नाही, पाच किंवा दहा खेपांच्या पासात येतो.

कपड्यांचा खर्च मात्र पास असो-नसो कमी करता येतो. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, धागे सुटून गाळणीत अडकतात, नायलॉनचेच लागतात. भाड्याने घेतले तर दर खेपेला माणशी पैसे आणि वर अनामत. नागपूरच्या बर्डीवरून किंवा तालुक्याच्या बाजारातून एकदा विकत घेतले की दुसऱ्या खेपेत वसूल होतात. मेमध्ये फरशी इतकी तापते की अनवाणी चालताना तळपाय पोळतात, पाण्यात घालायची रबरी चप्पल चालते का ते विचारून सोबत ठेवा.

लांबच्या मोठ्या पार्कांचं गणित वेगळं आहे. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ पासून आहे; यवतमाळ-अमरावतीकडून ते साडेसहाशे-सातशे किलोमीटर पडतं. चंद्रपूर, यवतमाळ, वणी, पांढरकवड्याकडच्या लोकांना हैदराबाद खूपच जवळ आहे. पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथलं वंडरला २०१६ मध्ये सुरू झालं. बल्लारशाहून काझीपेटमार्गे सिकंदराबादला रेल्वेही सोयीची. एसटीची महिला सवलत मात्र राज्याच्या हद्दीपर्यंतच. एवढ्या लांब वर्षातून एकदाच जाणं होतं, म्हणून पासापेक्षा सलग दोन दिवसांचं तिकीट पाहावं. दुसऱ्या दिवसाचा दर सहसा कमी लावतात. पास परवडतो तो फक्त एका मुक्कामात तीन-चार दिवस पार्कात जायचं असेल तर, आणि तितके दिवस लेकरांनाही पुरे होतात.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी टोल धरावा. खाजगी कारसाठीचा फास्टॅग वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला ३००० रुपयांत सुरू झाला: एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतलं जे आधी संपेल ते. नेहमीच्या नाक्यावर एकदा ओलांडणं म्हणजे एक फेरी. बोरखेडी, दारोडा, केळापूर या ४४ नंबरच्या महामार्गावरच्या नाक्यांवर तो चालतो. समृद्धी महामार्गावर चालत नाही, कारण तो राज्याचा रस्ता आहे. नागपूरला दवाखाना, बाजार, नातेवाईक यांसाठी नेहमी जाणं असेल तर हा पास त्या कामांवरच वसूल होतो. पार्कच्या हिशेबात मग टोल शून्य धरता येतो, पण पार्कसाठी म्हणून तो घेऊ नये.

घ्यायचं ठरलंच, तर पहिली खेप साध्या तिकिटावर करा. संध्याकाळी निघताना लेकरांना पुन्हा यायचं आहे का, राइडच्या रांगा किती होत्या, बंद राइड किती होत्या, हे सगळं डोळ्यांसमोर असतं. काही पार्कांत त्याच दिवशी पास घेतला तर भरलेल्या तिकिटाची रक्कम वजा करून देतात. तिकीटखिडकीवर सकाळीच विचारून ठेवा आणि तिकीट जपून ठेवा, भिजू देऊ नका.

नावं आधार कार्डावर आहेत तशीच टाका. शाळेच्या दाखल्यात एक आणि आधारवर दुसरं असा फरक असेल तर गेटवर अडवतात. पास दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, फोटो किंवा चेहरा पाहूनच आत सोडतात, त्यामुळे भावाच्या मुलाला तोच पास देऊन पाठवता येणार नाही. मोबाइल नंबर घरात कायम राहणाऱ्याचा द्या. ओटीपी त्यावरच येतो. पास मोबाइलमध्ये असतो आणि दिवसभरात बॅटरी उतरते, म्हणून त्याची छापील प्रत सेतू केंद्रातून काढून सोबत ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या 'निम्म्या किमतीत पास' अशा लिंकवर पैसे भरू नका. भरले गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर तक्रार नोंदवा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं अवघड.

पार्कने कबूल केलेलं दिलं नाही, उदाहरणार्थ पास विकल्यावर वगळलेल्या तारखा वाढवल्या, तर आधी लेखी कळवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते, त्यासाठी पार्कच्या गावी जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्या वेळी पैसे भरल्याची पावती आणि अटींचे स्क्रीनशॉट लागतात.